कापगतेबाईंची बेपत्ता यादी

गेल्या महिन्यात माझी भाची नागपूरहून एक रिपोर्ट घेऊन आली. पाळी चुकून दीड महिना झालेला. लघवीची तपासणी सांगते, दिवस गेले आहेत. आणि सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलेलं, की गर्भाशयात अजून काही दिसत नाही, बाहेरही काही दिसत नाही. आठ दिवसांनी पुन्हा तपासावं, मध्ये पोटात दुखलं किंवा चक्कर आली तर ताबडतोब यावं. भाची रडकुंडीला आली होती.

"मावशी, एवढी मोठी मशीन, अन् तिलेही माहीत नाही?"

मी कागद दोनदा वाचला. खाली डॉक्टरांची सही होती, शिक्का होता. 'माहीत नाही' असं लिहून त्याखाली सही करता येते, हे मी नोकरीच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. भाचीचं पुढे सगळं ठीक निघालं, गर्भ जागेवरच होता, हे इथेच सांगून टाकते. मला लिहायचं आहे ते कापगतेबाईंबद्दल. हेच वाक्य सरकारी रजिस्टरात लिहू द्या म्हणून त्या पाच वर्षं भांडल्या.

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र आंधळगावच्या बाजूला होतं. गावाचं नाव लिहीत नाही. कुटुंब नियोजनाच्या कॅम्पांची धामधूम सुरू होण्याच्या थोडं आधी मी तिथे नर्स म्हणून रुजू झाले. माझं अक्षर चांगलं आणि याद्या करायची खोड जुनी, त्यामुळे आठ दिवसांत सगळी रजिस्टरं माझ्या गळ्यात पडली. कापगतेबाई तिथल्या जुन्या नर्स. बुटक्या, रुंद, पायात पुरुषांची असते तशी टायरची चप्पल, हिवाळ्यातही काखेत छत्री. साकोलीकडच्या एकोडीच्या. घरी कोण होतं, लग्न झालं होतं की नव्हतं, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी माझं नाव पहिल्याच दिवशी बदललं. त्या मला 'यादीबाई' म्हणत.

पहिल्या आठवड्यात त्या मला एका घरी घेऊन गेल्या. सून सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, एका बाजूला पोत्यावर बसलेली. सासू अंगणातूनच म्हणाली, "दूर बसली हाय ते. पाळी आली तिले."

"किती दिवस झाले?" बाई म्हणाल्या.

"होतील सहा-सात."

"कपडे किती धुतले?"

"आता हे काय विचारणं झालं वो नर्सबाई?"

"तुले नाई विचारून राहिली. तिले विचारून राहिली."

आणि बाई सरळ सपरीत जाऊन त्या सुनेच्या पोत्यावर बसल्या. तिची पापणी खाली ओढून पाहिली, नाडी धरली, पोटावर एकदाच हात ठेवला. एकदाच. पोट दोनदा दाबायचं नाही, हा त्यांचा नियम होता. आत काही फुटायच्या बेतात असेल तर आपल्याच हातानं फुटेल, असं त्या म्हणत. सूनबाईनं खाली मान घालून सांगितलं, की महिना चुकला होता, मग थोडंसं दिसलं, रोज थोडंसंच दिसतं, नेहमीसारखं नाही. बाहेर येताना सासूनं तांब्यातलं पाणी बाईंच्या अंगावर शिंपडलं. दूर बसलेलीला शिवलेल्या ना.

"अजून टाक वो," बाई म्हणाल्या, "लय गरमी होऊन राहिली."

रस्त्यात मी विचारलं, रजिस्टरात काय लिहू.

"तू काय लिहिणार होती?"

"पाळी आली. गरोदर नाही."

"तुले काय माहीत?"

"मग गरोदर लिहू?"

"ते तरी तुले काय माहीत?" त्या थांबल्या. "हे पाह्य. दूर बसली म्हंजे पाळी आली असं नाई. दूर बसली म्हंजे सासूनं दूर बसवलं, एवढंच. थेंब दिसला का बसवलं. आता पोर असन, तर ते जागेवर असन, नाहीतर पडून राहिलं असन, नाहीतर नळीत अटकलं असन. तिन्हीत थेंब दिसते. कोणतं हाय ते मले आज माहीत नाई."

"मग लिहू काय बाई?"

"लिही, बेपत्ता."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "पोर हाय, पण पत्ता माहीत नाई. पोस्टमन असं पत्र काय करते? फेकून देते?"

रजिस्टरात दोनच रकाने होते, गरोदर आणि गरोदर नाही. म्हणून बाईंनी एक जुनी डायरी काढली आणि माझ्या हातात दिली. त्यात ही यादी सुरू झाली. महिना चुकला आहे, थेंब दिसतो आहे किंवा एका बाजूला दुखतं आहे, आणि गर्भ कुठे आहे ते कळत नाही, अशी बाई त्यात चढायची. तिच्या घरी दर तीन दिवसांनी जायचं. जागेवर गर्भ वाढतो आहे असं हाताला कळलं, किंवा सगळं पडून गेलं, किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवून पोट उघडलं, की मगच नाव कापायचं. कोणाच्या सांगण्यावरून कापायचं नाही. बाई स्वतः त्या नावावर बोट ठेवत, तेव्हा मी रेघ मारायची. त्या सपरीतल्या सुनेचं नाव दीड महिना राहिलं. पुढे तिला मुलगी झाली.

लघवीची तपासणी तेव्हा जिल्ह्याला पाठवावी लागे आणि निकाल येईतो आठवडा जाई. बाईंचा तिच्यावर रागच होता. "पोर हाय का नाई, एवढंच सांगते. कुठी हाय ते लघवीले काय माहीत?"

बाईंचा खांद्याचा प्रश्न मात्र मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आमच्या भागात रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कोणत्याही बाईला विचारा, खांदा दुखतो म्हणेल. दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावायचे, डोक्यावरून भारे वाहायचे, दुखणारच. त्यामुळे खांदा दुखणं हे कोणी दुखणं धरत नसे. बाई विचारत, "बसल्यावर दुखते का निजल्यावर?"

कामाचा खांदा निजलं की सुखावतो. पोटात रक्त साचलं असेल तर निजल्यावर ते वर सरकतं आणि खांद्याच्या टोकाशी कळ येते. मग ती बाई उठून बसते. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकोडीकडेच एक बाई अशी गेली होती. "तिची माय तिले निजवे, अन् ते उठून बसे. निजवे, अन् उठून बसे. आम्ही तेल लावून राहिलो खांद्याले," बाई म्हणाल्या. "पोटात रगत भरून राहिलं, अन् मी खांद्याले तेल लावून राहिली." पुढे एका मोठ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, बरोबर आहे, पुस्तकात आहे. बाईंचं म्हणणं, पुस्तकात होतं तर मला कोणी वाचून काहून नाही दाखवलं?

त्या प्रश्नानं एक बाई वाचली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या गावच्या किराणा दुकानदाराची बायको. पोटात उजवीकडे दुखतं, खांदा दुखतो, आणि निजवत नाही. आमची जीप कॅम्पला गेलेली. जवाहरनगरच्या फॅक्टरीची कामगारांची बस दुपारच्या पाळीसाठी फाट्यावरून जायची. बाईंनी दुकानदाराची बैलबंडी जुंपायला लावली, बायकोला फाट्यावर आणलं आणि बसला हात दाखवला.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, स्टाफची गाडी आहे. बाहेरचं माणूस चालत नाही."

"मरून राहिलेलं चालते का?"

"माझी नोकरी जाईल."

"तुही नोकरी जाईन, हिचा जीव जाईन. कोणतं आधी जाते ते पायतो मंग." आणि छत्री उघडून त्या बसच्या समोर रस्त्यात बसल्या. आतले कामगार हसायला लागले. एकजण ओरडला, "घे बे, घे! आमच्या घरी बी बाया हायत." दोघांनी उठून मागची लांब सीट रिकामी केली.

भंडाऱ्याला तासाभरात पोट उघडलं. नळी फुटलेली होती. बाई वाचली. दुकानदारानं केंद्रावर पेढे आणले, ते सगळ्यांनी खाल्ले. कापगतेबाईंनी नाही खाल्ले. माझ्यासमोर बोट ठेवून नाव कापून घेतलं आणि म्हणाल्या, "दुसरं नाव वाच."

आता दुसरी बाजू, कारण हीही खरी आहे. बाईंचा अंदाज पुष्कळदा चुकायचा. त्यांनी जिल्ह्याला पाठवलेल्यांपैकी बऱ्याचजणी हसत परत यायच्या. कोणाचं अपेंडिक्स निघायचं, कोणाची नुसती गाठ, कोणाचा गर्भ व्यवस्थित जागेवर. एका बाईच्या सासूनं तर केंद्राच्या दारात उभं राहून बाईंना ऐकवलं, "माझी सून धडधाकट, अन् तुमी तिले मराले पाठवलं. तुमाले सगळीकडं मरणच दिसते का वो?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "दिसते."

आमचे डॉक्टर तरुण होते. वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर हे लिहिणं मला सोपं गेलं असतं. कॉलऱ्याच्या साथीत पाच दिवस एका शाळेत तेच स्वतः सलाईन लावत बसले होते. पण कॅम्प सुरू झाले आणि ऑपरेशनांचं टार्गेट त्यांच्या मानगुटीवर बसलं. दर महिन्याला जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये त्यांना उभं करून आकडा विचारत. त्या दिवसांत त्यांना जीप लागे, पेट्रोल लागे, आणि बाईंच्या संशयी रुग्णांना तीच जीप लागे.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं. "कापगते सिस्टरांनी पाठवलेल्या सगळ्या केसेसची यादी करून द्या. पुढे निकाल."

मी केली. मला याद्या आवडतात, हे मी आधीच लिहिलं आहे. कोरा फुलस्केप कागद घेतला, पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, गाव, पाठवल्याची तारीख. शेवटच्या रकान्याचं शीर्षक मीच सुचवलं, 'खरी / खोटी'. संध्याकाळपर्यंत यादी तयार झाली. देखणी झाली होती. कोणीही एका नजरेत पाहावं, की 'खोटी' जास्त आहेत.

बाईंनी ती टेबलावर पाहिली.

"खोटी कोणती वो? पोट दुखत नवतं का तिचं?"

"तसं नाही बाई. म्हणजे संशय खरा नाही निघाला."

"बरं. अन् ज्या न पाठवता मेल्या, त्यांची यादी कुठी हाय?"

ती यादी नव्हती. ती करा असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

महिन्याच्या मीटिंगमध्ये माझा कागद फिरला. तिथे कोणीतरी म्हणालं, की या सिस्टरांना सगळीकडे नळीच दिसते, आणि सगळे हसले. हे डॉक्टरांनीच परत येऊन सांगितलं. त्या आठवड्यात लेखी आदेश निघाला: वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीशिवाय कोणताही 'संशयित' रुग्ण जिल्ह्याला पाठवू नये. बाईंना वेगळा मेमो मिळाला. पुन्हा असं झालं तर निलंबन. बाईंनी मेमोवर सही केली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, सही देजा. पण मंग रजिस्टरात एक रकाना बी द्या. माहीत नाही, असा."

"सिस्टर, 'माहीत नाही' असा रकाना सरकारी रजिस्टरात नसतो."

"मंग रजिस्टरात असते ते सारं माहीत असते का?"

यावर डॉक्टरही हसले होते. राग नव्हता त्यांच्या मनात.

कॅम्पांत ज्यांची नस बांधली, त्यांच्या नावावर जोडप्यांच्या रजिस्टरात लाल शाईनं आडवी रेघ मारायची असे. म्हणजे आता या घरी दिवस गेलेत का, पाळी कधी आली, हे विचारायला जायचं काम नाही. रेघा मीच मारत असे, पट्टी धरून.

"काहून मारली रेघ? मेली का ते?" बाई एकदा म्हणाल्या.

"ऑपरेशन झालं ना बाई."

"नस बांधली म्हंजे दार लोटलं. कडी लागली का नाई, कोण पाहून आलं? अन् अर्ध्या लोटल्या दारातच मानूस अटकते." नस बांधूनही एखादीला दिवस जातात, आणि गेले तर ते नळीत अडकायची भीती जास्त, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. त्यांना लाल रेघेच्या बायकाही डायरीत घ्यायच्या होत्या. मी म्हणाले, आदेश नाही.

पारबता तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यातली. नवरा तलावात जाळं टाकायचा, ती आणि तिची जाऊ टोपलीत मासोळी घेऊन गावोगाव विकायच्या. तीन लेकरं, कॅम्पात ऑपरेशन, नावावर लाल रेघ. त्या दिवशी आम्ही मोहल्ल्यात लेकरांना लस टोचायला गेलो होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. जाऊ बाईंना म्हणाली, "आमची पारबता नऊ दिवसांची दूर बसून हाय. एवढे दिवस कोणी बसते का वो?"

पारबता घरामागच्या छपराखाली बसलेली. नऊ दिवस तिला कोणी शिवलं नव्हतं; ताट दुरून सरकवायचे, पाणी वरून ओतायचे. त्यामुळे तिचे हात थंड पडत चालले आहेत, हे घरात कोणाला कळायचं कारणच नव्हतं. बाईंनी पापणी ओढली. आतून पांढरीफटक होती.

"थोडं थोडं जाते?"

"हो."

"खांदा?"

"दुखते नं. टोपली उचलून उचलून."

"टोपली तं नऊ दिवस उचलली नाई तू. निजल्यावर दुखते का?"

"निजूच देत नाई बाई. रातभर भिताडाले टेकून बसली होती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फाटा पाऊण मैलावर होता, आणि फॅक्टरीची बस यायला तासाभराहून अधिक वेळ होता. मी म्हणाले, "बंडी पाहू का?"

आणि बाई म्हणाल्या, "थांब. सही लागते."

हे मी जसं झालं तसं लिहिते आहे. ज्या बाईनं छत्री उघडून बस अडवली होती, ती त्या दिवशी थांबली. मेमो होता. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती. मागच्याच महिन्यात सही न घेता पाठवलेली एक बाई 'खोटी' निघाली होती, आणि त्यावरून दुसरा, शेवटच्या ताकिदीचा मेमो आला होता. मी नुसती बंडी आणायला गेले असते तर त्या आल्या असत्या, असं मला वाटतं. मी गेले नाही. आदेशाची प्रत माझ्याच फायलीत होती.

डॉक्टर तीन कोसांवरच्या गावी कॅम्पला होते. बाईंनी चिठ्ठी लिहिली: ऑपरेशन झालेली, नऊ दिवस थोडे रक्त, उजवीकडे दुखणे, निजल्यावर खांदा दुखणे, डोळे पांढरे, जिल्ह्याला पाठवायचे आहे, सही द्यावी. आमचे शिपाई दशरथभाऊ सायकलवर निघाले. आम्ही पारबताला तिथेच भिंतीशी टेकवून बसवलं. फॅक्टरीची बस गेल्याचा आवाज मोहल्ल्यात ऐकू आला. बाईंनी मान वर केली नाही. त्या पारबताची नाडी धरून बसल्या होत्या आणि थोड्या थोड्या वेळानं मला वेळ विचारत होत्या.

दशरथभाऊ परत आले तेव्हा एक वाजून गेला होता. चिठ्ठीच्या पाठीमागे डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'ही केस मी स्वतः केलेली आहे. गर्भाचा प्रश्न येत नाही. जंताचे औषध व पोटदुखीची गोळी द्यावी. संध्याकाळी येऊन पाहतो.'

बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली. मग उभ्या राहून ओरडल्या, "बंडी आणा रे! कोणाची बी आणा!"

आता सहीचं काही उरलं नव्हतं. जावेनं बैल जुंपले. बाई पारबताला टेकू देऊन बंडीत बसल्या, मी मागून चालत होते. पारबता निजत नव्हती. तिनं बाईंच्या गळ्यात हात टाकले आणि मग एकदम काढून घेतले.

"बाई, मी दूर हाय. तुमाले शिवलं."

"शीव. किती बी शीव."

फाट्याच्या अलीकडे, आंब्याच्या झाडाशी, तिची मान बाईंच्या छातीवर पडली. बाईंनी बंडी थांबवायला सांगितली नाही. फाट्यापर्यंत तसंच नेलं, आणि मग तिथून तसंच परत आणलं.

मृत्यूची नोंद बाईंनी स्वतः केली. त्यांचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'नस बांधल्यावर दिवस गेले. पोर नळीत होते. नळी फुटली. सही मिळाली नाही.' दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, पोस्टमॉर्टेम झालेलं नाही, मग नळीत होतं हे सिस्टरांना कसं माहीत? त्यांनाच तर 'माहीत नाही' लिहायला आवडतं. वर कळलं तर सगळा कॅम्प संशयात येईल, बायका ऑपरेशनला यायच्या थांबतील. ते पान खराब झालं आहे, दुसरं लिहून काढा. तुमचं अक्षर चांगलं आहे.

मी लिहून काढलं. 'तीव्र पोटदुखी व जुलाब.' बाकीच्या पंधरा नोंदी जशाच्या तशा उतरवल्या. एकही खाडाखोड झाली नाही.

बाईंना ते दिसणारच होतं. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट ओळीवरून फिरवलं, ते कारणाच्या रकान्यापाशी थांबलं. मी टेबलापलीकडे उभी होते. मला वाटलं आता ओरडतील.

"अक्षर सुंदर हाय वो तुझं," त्या म्हणाल्या. आणि रजिस्टर मिटलं.

मोहल्ल्यात मात्र लवकरच वेगळी गोष्ट पसरली. पारबताची जाऊ पाण्यावर, बाजारात, दिसेल त्याला सांगायची, "नर्सबाई उगी सही पाहत बसली. इकडं आमची पारबता मेली." यात एक अक्षर खोटं नव्हतं. डॉक्टरांचं नाव त्यात नव्हतं, माझं नव्हतं. चिठ्ठी कोणी पाहिली नव्हती. बाईंनी ती कोणाला दाखवलीही नाही. मोहल्ल्यातल्या बायका बाईंना दारात उभं करीनात. कपडे किती धुतले असं विचारलं, की आतून उत्तर यायचं, "सही आणली का?"

तीन महिन्यांत बाईंची बदली आली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जंगलपट्टीत. चार्ज मी घ्यायचा होता. मी नगांची यादी केली आणि एकेक वस्तू मोजून घेतली. थर्मामीटर दोन, पैकी एक फुटका. कातऱ्या तीन. रबरी नळ्या, इनॅमलचं भांडं, टॉर्च. बाई प्रत्येक ओळीपुढे सही करत गेल्या. शेवटी पिशवीतून ती डायरी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"हे कशात लिहू?" मी विचारलं.

"कशात बी नको लिहू. हे सरकारी नाई."

त्यात त्या दिवशी तीन नावं उभी होती. पुढच्या महिन्यात मी तिघींकडे जाऊन आले. तिघी ठीक होत्या, म्हणून तिन्ही नावं कापली. चौथं नाव मी लिहिलं नाही. लिहिलं तर दर तीन दिवसांनी जावं लागलं असतं, आणि कधीतरी कोणाला तरी पाठवावंही लागलं असतं.

बाईंना निरोप द्यायला फाट्यावर मी आणि दशरथभाऊ, दोघेच होतो. एक ट्रंक, एक वळकटी. भाषण नव्हतं, हार नव्हता. एसटी आली. दशरथभाऊंनी ट्रंक टपावर चढवली, बाई आत गेल्या आणि मधल्या एका सीटवर बसल्या. मी खिडकीखाली उभी राहिले.

बस सुटायच्या आत मोहल्ल्याच्या बाजूनं एक बाई धावत आली, डोक्यावर मासोळीची टोपली. पारबताची जाऊ. ती आत चढली. बस भरलेली होती. बाईंच्या शेजारची तेवढी एक जागा रिकामी होती. बाई खिडकीकडे सरकल्या आणि त्यांनी त्या जागेवर हातानं दोनदा थापटलं.

जावेनं त्यांच्याकडे पाहिलं. टोपली पायाशी ठेवली आणि वरची दांडी धरून उभी राहिली.

कंडक्टर म्हणाला, "अवो, बस नं. जागा हाय नं तिथं."

ती हलली नाही. घंटी वाजली. बस वळून जाईपर्यंत मला खिडकीतून दिसत होतं: बाई समोर पाहत होत्या, आणि त्यांचा हात अजून त्या रिकाम्या जागेवर होता.